थंडीतली उन्हाळी : अभ्यासिकेतल्या एका मुलीचं प्रकरण

लघवीच्या संसर्गाच्या या प्रकरणातल्या मुलीला इथे मी रेवती म्हणणार आहे. नाव, गाव, काही तपशील बदलले आहेत. लिहून झाल्यावर मजकूर तिला वाचायला दिला. तिने दोन ओळी काढायला सांगितल्या आणि एक घालायला सांगितली. "मॅडम, मैत्रिणीच्या गोळ्यांचं पण लिहा. मी शिकलेली असून खाल्ल्या, ते लिहा," म्हणाली. म्हणून लिहिते आहे.

पार्श्वभूमी

माझा दवाखाना पुण्यात, पेठांच्या भागात. सकाळच्या रांगेतला निम्मा पेशंट स्पर्धा परीक्षेचा. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली पोरं-पोरी. कॉट बेसिसवर खोली, दोन वेळचा डबा आणि अभ्यासिकेतली एक खुर्ची, एवढ्यात त्यांचं जग. रेवती त्यातलीच. वय 23, बीड जिल्ह्यातलं खेडं, राज्यसेवेचा दुसरा प्रयत्न. घरून महिन्याला नऊ हजार येत, त्यात कॉट, डबा, अभ्यासिका आणि झेरॉक्स.

अभ्यासिका तिसऱ्या मजल्यावर. 110 खुर्च्या, त्यातल्या 38 मुलींच्या. सकाळी साडेसहाला जागा धरायची, दुपारी दीडला डब्याला जायचं, अडीचला परत, रात्री दहाला बाहेर. मुलींचं शौचालय तळमजल्यावर, कुलूपबंद. किल्ली लाकडाच्या ठोकळ्याला बांधून काउंटरमागच्या खिळ्याला अडकवलेली. ती काउंटरवरच्या मुलाकडून मागून घ्यायची, जिन्यात चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या घोळक्यातून ठोकळा हातात घेऊन खाली उतरायचं, आणि दार उघडल्यावर आत पाणी असेलच असं नाही. हा सगळा तपशील मला पहिल्या भेटीत माहीत नव्हता, कारण मी विचारलाच नव्हता. प्रकरणाचा अर्धा भाग तिथेच आहे.

थंडीत उन्हाळी

दिवाळीची सुट्टी संपवून ती परतली आणि आठवड्याभरात लघवीला जळजळ सुरू झाली. दर वीस मिनिटांनी जावंसं वाटायचं, गेलं की चार थेंब. आईला फोन केला. आई म्हणाली, "उन्हाळी लागली असंल. धने-जिऱ्याचं पाणी पी, रात्री सब्जा भिजत घाल."

आपल्याकडे हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तो फसवा आहे. उन्हाळी म्हटलं की कारण ऊन ठरतं, उष्णता ठरते, आणि उपायही मग थंड: सब्जा, वाळा, कोकम, बार्ली. हे सगळं पोटात जाताना पाणी घेऊन जातं, त्यामुळे लघवी पातळ होते, जळजळ थोडी कमी होते आणि शब्द खरा ठरल्यासारखा वाटतो. उन्हात राबून, घामाने पाणी जाऊन लघवी गडद झाली की जळजळतं, हेही खरंच. पण रेवतीची उन्हाळी नोव्हेंबरात लागली होती, खोलीत स्वेटर घालून बसावं लागत होतं तेव्हा. हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. मलाही नंतर, केस लिहायला घेतली तेव्हाच पडला.

तिसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली. तिथे चार मुलगे उभे होते, म्हणून दोनदा रस्ता ओलांडून परत आली. शेवटी हळू आवाजात "युरिन इन्फेक्शनचं काहीतरी द्या" म्हणाली. नॉरफ्लॉक्सासिनच्या सहा गोळ्या आणि लघवीची जळजळ थांबवणारं सिरप मिळालं. चिठ्ठी कुणी मागितली नाही. दीड दिवसात बरं वाटलं. उरलेल्या तीन गोळ्या कंपासपेटीत गेल्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी कंपासपेटीतल्या तीन गोळ्या, त्यांनी फरक पडेना तेव्हा शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीकडे टायफॉइडच्या वेळच्या उरलेल्या सिफिक्झिमच्या चार गोळ्या. दोन दिवस खाल्ल्या. जळजळ ओसरली.

आता गंमत अशी, की 'प्रतिजैविकांना रोध', म्हणजे जिवाणूंनी अँटिबायोटिकला दाद न देणं, हा तिच्या अभ्यासक्रमातला विषय. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तिने त्यावर उत्तरं लिहून पाहिली होती. 2017 चा राष्ट्रीय कृती आराखडा, चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणाऱ्या, गोळ्यांच्या स्ट्रिपवरच्या लाल रेघेची 2016 ची मोहीम, अशा औषधांच्या विक्रीवर बंधन घालणारं परिशिष्ट 'एच-1', सगळं वहीत होतं. सिफिक्झिमच्या स्ट्रिपवर ती लाल रेघ होती. तिने मला नंतर सांगितलं, "रेघ दिसली मॅडम. मला वाटलं ते लोकांसाठी आहे."

तिला काय माहीत होतं

तरुण मुलींना या विषयातलं काही माहीत नसतं, असं आम्ही डॉक्टर मंडळी सहज बोलून जातो. रेवतीच्या बाबतीत ते खोटं होतं. पाणी प्यावं हे तिला माहीत होतं. लघवी तुंबवू नये हेही माहीत होतं. धुताना पुढून मागे धुवावं, हे शाळेत नर्सताईंनी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं.

पण त्याच्या जोडीला बरंच भलतंही होतं. इंग्लिश कमोडवर बसलं की हा आजार होतो, असं तिला ठाम वाटायचं, म्हणून ती अधांतरी ओणवी राहून घाईत उरकायची. मोबाइलवर रील पाहून सुगंधी 'इंटिमेट वॉश' आणला होता आणि पहिल्या त्रासानंतर तो दिवसातून दोनदा वापरायला लागली होती. योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू राहतात, ते तिथलं वातावरण आम्लधर्मी ठेवतात आणि आतड्यातल्या जिवाणूंना तिथे ठाण मांडू देत नाहीत. साबण-सुगंधाने आपण आपलेच राखणदार धुऊन टाकतो. बाहेरून साधं पाणी पुरतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाटलीवर तर लिहिलेलं असणारच नाही.

पहिली भेट, आणि माझ्या हातून काय सुटलं

जानेवारीत तिसऱ्यांदा त्रास झाला तेव्हा ती माझ्याकडे आली, सोबत खोलीतली मैत्रीण. ताप नाही, पाठीत दुखत नाही, ओटीपोटात कळ, लघवी गढूळ. दवाखान्यातल्या लघवी तपासायच्या पट्टीवर नायट्राइट (जिवाणूंची खूण) आणि पांढऱ्या पेशी दोन्ही आले. निदान सोपं होतं: मूत्राशयाचा संसर्ग.

इथे पहिला निर्णय होता, कल्चर करायचं की नाही, म्हणजे लघवीतले जिवाणू लॅबमध्ये वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहायचं की नाही. तरुण, एरवी निरोगी, गरोदर नसलेल्या बाईला पहिल्यांदाच असा त्रास झाला तर कल्चरशिवाय उपचार करणं चालतं. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला, तर तो वारंवार होणारा संसर्ग धरतात, आणि तिथे औषध सुरू करण्याआधी कल्चर हवंच. मी तिला विचारलं, "आधी झालं होतं का?" ती म्हणाली, "एकदा थोडंसं." मी पुढे खोदलं नाही. कल्चरचे 700 रुपये ऐकून तिचा चेहरा पडला, ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. दया चुकीच्या जागी दाखवली.

दुसरी चूक जास्त टोचते. मी विचारलं, "लग्न झालंय?" मैत्रीण बाजूला बसलेली. रेवती म्हणाली, "नाही." मी केसपेपरवर 'अविवाहित' लिहिलं आणि पुढे गेले. तरुण स्त्रियांमध्ये हा संसर्ग होण्याचं सगळ्यात ठळक कारण शरीरसंबंध हे आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतल्या या त्रासाला इंग्रजीत 'हनिमून' जोडलेलं नावच आहे. मला शरीराबद्दल विचारायचं होतं आणि मी नोंदणी कार्यालयाचा प्रश्न विचारला.

औषध मात्र बरोबर दिलं: नायट्रोफ्युरँटॉइन, पाच दिवस. हे जुनं औषध, मूत्राशयात चांगलं साठतं, आणि हा संसर्ग बहुतेक वेळा करणाऱ्या, आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूवर आपल्याकडे अजून बऱ्यापैकी चालतं. वर ठेवणीतलं वाक्य: "पाणी भरपूर पी हं." तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या. गोळी जेवणानंतरच घ्यायची, नाहीतर मळमळतं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरायचं नाही. आणि मेडिकलमधलं ते सिरप बंद करायचं. ते लघवी अल्कधर्मी करतं, आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर आम्लधर्मी लघवीत जास्त असतो. ती सिरप रोज घेत होती हे मला माहीतच नव्हतं.

तिने सकाळची गोळी रिकाम्या पोटी घेतली, मळमळलं. दुसऱ्या दिवशी लघवी तपकिरी दिसली, तिला वाटलं रक्त. जळजळ थांबलीच होती. चार गोळ्यांनंतर कोर्स संपला.

ताप

आठव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, फोन. हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशीत दुखणं, दोन उलट्या. दुपारी सराव परीक्षा होती, ती अंगात ताप घेऊन दिली होती. दवाखाना बंद असूनही उघडला. ताप 102.6, नाडी 118. बरगडीखाली पाठीमागे हलकं थोपटलं तर ती कळवळली. संसर्ग मूत्राशयातून वर किडनीपर्यंत गेला होता.

स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषांची साधारण वीस. आतड्यातले जिवाणू बाहेरच्या त्वचेवरून एवढं अंतर सहज चालून जातात. मूत्राशयात पोचल्यावर नियमित, भरपूर लघवीने ते धुऊन निघाले तर ठीक. धुऊन निघाले नाहीत, अर्धवट औषधाने नुसते दबले, तर काही वेळा वरची वाट धरतात. आणि नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, किडनीच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. आता ते औषध उपयोगाचं नव्हतं.

तीन वाटा होत्या. तोंडाने घ्यायचं दुसरं अँटिबायोटिक देऊन खोलीवर पाठवायचं. पण उलट्या होत होत्या आणि कोणतं औषध लागू पडेल याचा पत्ता नव्हता. दवाखान्यात रोज इंजेक्शन द्यायचं. पण रात्री कॉटवर तिच्याजवळ कोण? किंवा दाखल करायचं. दोन रात्रींचा खर्च पंधरा हजारांच्या घरात. तिने आधी तो आकडा मनात महिन्यांत मोडला, मग म्हणाली, "सकाळपर्यंत बघू का?"

मी नाही म्हटलं. तापासोबत हुडहुडी, कुशीत दुखणं आणि पोटात काही न ठरणं, हे तिन्ही एकत्र असताना रात्र उलटण्याची वाट बघत नाहीत. पण एक प्रश्न उरला होता. इंजेक्शनचं औषध ठरवण्याआधी गरोदरपणाची चाचणी हवी होती. मैत्रिणीला ओआरएसची पाकिटं आणायला पाठवलं, दार लावलं, आणि आठवड्यापूर्वी विचारायचा प्रश्न तेव्हा विचारला. लग्नाबद्दल न विचारता एवढंच म्हटलं, "औषध नीट निवडता यावं म्हणून मी हे सगळ्यांना विचारते. कुणाशी शरीरसंबंध आहेत का?"

ती रडायला लागली. दिवाळीपासून एक मित्र होता. आणि मग ती जे बोलली त्याने मला सगळं कोडं उलगडलं. "मॅडम, हा तसला रोग आहे ना? त्याच्यामुळे लागलेला?" तीन महिने ती हेच मनात धरून होती. म्हणून मेडिकलमध्ये हळू आवाज, म्हणून मैत्रिणीच्या गोळ्या, म्हणून माझ्यासमोर "एकदा थोडंसं". डॉक्टरकडे गेलं तर तपासणीत ते कळेल, मग आईला कळेल, मग पुणे बंद.

मी तिला सांगितलं ते असं. हा संसर्ग एकाकडून दुसऱ्याला लागणारा लैंगिक रोग नाही. जिवाणू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात, संबंधाच्या वेळी ते मूत्रनलिकेच्या तोंडाशी ढकलले जातात, एवढाच त्याचा वाटा. लघवीच्या तपासणीत 'कुणासोबत' हे दिसत नाही. जळजळीसोबत पांढरं किंवा वासाचं जात असेल, खाज असेल, फोड असतील, तर मात्र वेगळी तपासणी लागते, म्हणून तेही विचारलं. तसं काही नव्हतं. चाचणी निगेटिव्ह आली.

आईला फोन करायचा का, हा पुढचा निर्णय. माझा हात फोनकडे गेला होता, खोटं कशाला बोलू. पण ती 23 वर्षांची, शुद्धीत, निर्णय घेण्याइतकी सज्ञान. मी विचारलं, "कुणाला बोलवायचं?" तिने हडपसरच्या आतेबहिणीचं नाव घेतलं. आतेबहीण तासाभरात आली. आईला दुसऱ्या दिवशी रेवतीने स्वतः फोन केला, तापाचं सांगितलं. बाकी काय सांगायचं ते तिचं तिने ठरवलं.

काय केलं

पहिलं इंजेक्शन देण्याआधी लघवीचा नमुना कल्चरला. मधल्या धारेचा, झाकणाच्या निर्जंतुक डबीत, अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचवलेला. नमुना घेण्याची रीत तिला आतेबहिणीसमोर नको, नर्ससोबत आत समजावली. बऱ्याच मुली पहिलीच धार डबीत घेतात, किंवा नमुना घरून आणून दोन-तीन तास पिशवीत ठेवतात, आणि मग रिपोर्टमध्ये चार जातींचे जिवाणू येतात, ज्याचा काही अर्थ लागत नाही.

जवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल केलं. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन नॉर्मल पाहून तिथल्या फिजिशियननी अ‍ॅमिकॅसिन सुरू केलं, सलाइन चालू. सोनोग्राफीत खडा नाही, अडथळा नाही. तिसऱ्या सकाळी ताप उतरला आणि त्याच दिवशी रिपोर्ट आला: ई. कोलाय, मिलिलिटरला 1 लाखाच्या वर, ईएसबीएल बनवणारा, म्हणजे बरीच अँटिबायोटिकं निकामी करणारं विकर तयार करणारा. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सिफिक्झिम, सगळ्यांपुढे 'आर', म्हणजे लागू न पडणारं. अ‍ॅमिकॅसिन, नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिनपुढे 'एस', म्हणजे लागू पडणारं.

तिने तो कागद बराच वेळ हातात धरला होता. कंपासपेटीतलं आणि मैत्रिणीचं, दोन्ही औषधं त्या 'आर'च्या यादीत होती. ती खाल्ल्यामुळेच जिवाणू असा झाला असं छातीठोक म्हणता येत नाही, असे जिवाणू आपल्याकडे औषध न घेतलेल्यांच्या आतड्यातही सापडतात. पण अर्धवट गोळ्यांनी मऊ जिवाणू मरतात आणि चिवट मागे उरतात, हे तिला वहीतून माहीत होतं. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे मात्र 'एस' होता. पहिल्या भेटीतलं औषध लागू पडणारंच होतं. ते पाच दिवस पोटात जावं यासाठी मी दोन मिनिटं जास्त बोलायला हवं होतं.

घरी सोडल्यावर उरलेली इंजेक्शनं माझ्याकडे, एकूण सात दिवस. महिन्याने ती म्हणाली, खात्रीसाठी पुन्हा कल्चर करू. मी नको म्हटलं. काही त्रास नसताना लघवीत जिवाणू सापडले तर, गरोदरपणासारखी कारणं सोडली, तर त्यावर औषध द्यायचं नसतं. कागदावर 'पॉझिटिव्ह' दिसलं की मात्र कुणीतरी औषध देतंच.

पुन्हा होऊ नये म्हणून : कोणती वाट?

रोज झोपताना अँटिबायोटिकचा छोटा डोस, काही महिने. किंवा संबंधांनंतर एकच गोळी. दोन्ही वाटा चालतात, पण अशा रोधक जिवाणूनंतर लगेच तिकडे वळायची माझी तयारी नव्हती. क्रॅनबेरीबद्दल तिने विचारलं. 2023 च्या मोठ्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांमध्ये तिचा काहीसा फायदा दिसला आहे. पण इथे मिळणारं बाटलीतलं सरबत म्हणजे मुख्यतः साखर, आणि गोळ्या तिच्या डब्याच्या खर्चाएवढ्या. क्रॅनबेरीसोबत डी-मॅनोज या एका प्रकारच्या साखरेची पाकिटं आपल्याकडे सर्रास लिहितात. ब्रिटनमध्ये सुमारे 600 स्त्रियांवर केलेल्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डी-मॅनोजचा उपयोग दिसला नाही. तिचे पैसे वाचवले.

उरलं पाणी. त्याबद्दल चांगला पुरावा आहे. बल्गेरियात 140 स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला, रोज दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. लघवी तुंबवण्याचा पुरावा इतका सरळ नाही, हे कबूल करायला हवं. पण जिला जायची सोय नाही ती पाणीच पीत नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच गाठीत येतात.

तिला तीन दिवस वहीत लिहायला सांगितलं: किती प्यायलं, किती वाजता गेले. पहिल्या दिवसाची नोंद अशी होती. सकाळी सहा, एक कप चहा, दोन घोट पाणी. लघवी सहाला, मग थेट दीडला. त्यानंतर रात्री साडेदहाला. दिवसभरात पाणी, चहा, आमटी सगळं धरून 900 मिलिलिटर. समासात तिने लिहिलं होतं, "दुपारी जेवणात पाणी टाळलं, नाहीतर चारला जावं लागतं."

तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "जागा कुठे आहे?" आणि ठोकळ्याची गोष्ट बाहेर आली.

यात काही नवं नाही. मुंबईत स्त्रियांच्या शौचालयांसाठीची 'राइट टू पी' मोहीम 2011 मध्ये सुरू झाली. 'मिळून साऱ्याजणी' या स्त्रियांच्या मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये रस्त्यांवर, सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालयं देण्याचे आदेश महापालिकांना दिले, आणि त्या याचिकेचं मूळ पुण्यातलंच. रेवतीला हेही सामान्य अध्ययनातून ठाऊक होतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या खासगी अभ्यासिकेच्या खिळ्यापर्यंत ते पोचलं नव्हतं.

मी मालकाला फोन करू का, असं विचारलं. ती म्हणाली, नको, मग माझंच नाव होईल. आठ दिवसांनी तिने वेगळंच केलं. मुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एकच प्रश्न टाकला: "अभ्यासिकेत असताना मुद्दाम पाणी कमी पिणाऱ्या किती जणी?" 38 पैकी 31 जणींनी अंगठा दाखवला. अकरा जणींनी सहीचं पत्र दिलं. मागण्या तीन: किल्ली मुलींच्या रांगेतल्या कप्प्यात, दिवसातून दोनदा सफाई, आणि झाकणाची कचरापेटी. मालक आधी म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीला पत्र कशाला, सांगायचं ना." सांगायला अकरा जणी लागल्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. किल्ली मात्र त्याच दिवशी हलली. सफाई एकदाच होते. कचरापेटी मुलींनी वर्गणी काढून आणली.

बाकीचं साधं होतं. एक लिटरची बाटली दिवसात अडीच वेळा संपवायची. तीन तासांनी मोबाइलचा थरथराट. सुगंधी वॉश बंद. संबंधांनंतर लघवीला जाणं. याचा पुरावा फार भक्कम नाही, पण खर्च शून्य आणि नुकसान काही नाही. आणि पुन्हा जळजळ झालीच तर आधी नमुना, मग गोळी.

निष्पत्ती

पुढच्या वर्षभरात तिला एकदाच त्रास झाला, एप्रिलमध्ये, गावी लग्नाला गेली असताना. मंडपात शौचालय नव्हतं, दोन दिवस पाणी तोडलं होतं. या वेळी तिने बीडच्या लॅबमध्ये नमुना दिला, मग मला फोन केला. नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस, जेवणानंतर, पूर्ण. गोळ्या संपल्यावर रिकाम्या स्ट्रिपचा फोटो पाठवला. वर्षभर एकदाही होणार नाही असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं. साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो.

आज पुन्हा समोर आली तर

पहिल्याच भेटीत मैत्रिणीला बाहेर बसवेन, प्रत्येक वेळी, प्रत्येक मुलीच्या. मग 'लग्न' हा शब्द न काढता प्रश्न विचारेन, आणि हा संसर्ग लैंगिक रोग नाही हे वाक्य प्रश्नाच्या आधी बोलेन. तिला उत्तर द्यायला तेवढी जागा हवी होती. "आधी झालं होतं का" याऐवजी "आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, कुणी दिल्या, घरात काय उरलंय" असं विचारेन. मैत्रिणीच्या गोळ्या अशाच बाहेर येतात. 700 रुपयांच्या कल्चरवर तडजोड करणार नाही; नंतरच्या पंधरा हजारांपुढे ते काहीच नव्हते. मेडिकलमधलं सिरप पिशवीतून काढून टेबलावर ठेवायला लावेन.

"पाणी भरपूर पी" हे वाक्य मी बंद केलंय. त्याऐवजी विचारते, दिवसभरात कुठे कुठे असतेस आणि तिथे जायची सोय काय. उत्तर मिळाल्यावर कधी कधी माझ्याकडे द्यायला औषधच नसतं.

एक गोष्ट अजून नीट सुटलेली नाही. त्या मित्राला यातलं काय सांगायचं, तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं, सगळं, रोग नाही हेही. तिने सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही.

यंदा जूनमध्ये रेवतीची आई पुण्याला आली होती. लेकीने धरून माझ्याकडे आणलं. वय 46, सोयाबीनच्या शेतात दुसऱ्याकडे रोजाने जाते. "मला बी दरसाली लागती उन्हाळी," म्हणाली. "आता ही म्हनती, तपासायला पाहिजे." आई आणि लेक दोघींनाही वारंवार त्रास असणं नवलाचं नाही, हा कल घराण्यात चालत येऊ शकतो.

मी रेवतीला बाहेर बसायला सांगितलं. दार लावलं. आधी सांगायचं ते सांगितलं, विचारायचं ते विचारलं. मग म्हटलं, "मावशी, रानात गेल्यावर कुठं जाता?"

तिला प्रश्नाचं हसू आलं. पदर तोंडाशी नेत म्हणाली, "अंधार पडस्तोवर कुठंच नाही, बाई."

नमुन्याची डबी आणि मधल्या धारेची गोष्ट तिला लेकीनेच समजावून सांगितली.